अंतर आधी, यादी नंतर
वाचकांचे प्रश्न : दिवाळीची सार्वजनिक आतषबाजी, परवाने आणि परवानाधारक माणसं

अमेरिकेतल्या मराठी मंडळांकडून दिवाळीच्या आतषबाजीबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. अंतरं फुटांत आणि नळीतून आकाशात उडवायच्या दारूच्या गोळ्यांची मापं इंचांत ठेवली आहेत, कारण परवान्याच्या अर्जावर ती तशीच लिहावी लागतात.

प्रश्न : मंडळाच्या दिवाळीत पंधरा मिनिटांची आतषबाजी ठेवायची आहे. शाळेचं मैदान मिळालंय. एक कंपनी आठ इंची गोळ्यांपर्यंतचं कोटेशन देते, दुसरी फक्त तीन इंची गोळे देते आणि पैसेही जास्त मागते. शिवाय परवाना मंडळाने काढायचा की कंपनीने?
— मंडळाच्या सचिव, टेक्सास

उत्तर : आधी मैदान मोजा. कोटेशन त्यानंतर वाचा.

सार्वजनिक आतषबाजीसाठी इथले बहुतेक फायर मार्शल, म्हणजे अग्निसुरक्षा अधिकारी, एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेची ११२३ क्रमांकाची संहिता धरतात. तिचा मूळ हिशोब असा : गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचाला ७० फूट त्रिज्या मोकळी हवी. म्हणजे तीन इंची गोळ्याला २१० फूट, चार इंचीला २८०, पाच इंचीला ३५०, सहा इंचीला ४२० आणि आठ इंचीला ५६० फूट. ही त्रिज्या आहे हे विसरू नका. तीन इंची गोळ्यासाठी ४२० फूट व्यासाचं वर्तुळ लागतं आणि आठ इंचीसाठी ११२० फुटांचं. अमेरिकन फुटबॉलचं मैदान दोन्ही टोकांच्या पट्ट्या धरून ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद असतं. तीन इंची गोळ्याचं वर्तुळसुद्धा त्यात मावत नाही, दोन्ही अंगांना बाहेर जातं. मैदान न बघता आठ इंचाचं कोटेशन देणाऱ्या कंपनीने तुमची जागा मोजलेली नाही. तीन इंचांवर थांबलेल्या कंपनीने बहुधा मोजली आहे.

हे वर्तुळ कशासाठी, तेही समजून घ्या. गोळा नळीतून वर जातो तेव्हाच त्याची आतली वात पेटलेली असते. वर जाऊन तो फुटला नाही, तर अख्खा खाली येतो, आणि कधी कधी जमिनीजवळ फुटतो. नळी दोन-तीन अंशांनी कललेली असेल आणि वारा असेल, तर तो कुठे पडेल ते सांगता येत नाही. म्हणून वर्तुळात प्रेक्षक नकोत, गाड्या लावायच्या नाहीत, राहती घरं नकोत, पटकन पेटणारं काही नको. रुग्णालय, वृद्धाश्रम किंवा ज्वालाग्राही द्रवाच्या टाक्या जवळ असतील तर त्या बाजूला अंतर दुप्पट धरावं लागतं.

हे काम घरी बसून होतं. उपग्रहाचा नकाशा उघडा, गोळे उडवायचा बिंदू ठरवा आणि मोजपट्टीचं साधन घेऊन त्याभोवती २१० फुटांचं वर्तुळ काढा. मग त्यात काय काय सापडतं ते एकेक करून लिहा : शाळेची शेड, पार्किंगची पहिली रांग, शेजारच्या घराचं कुंपण, वाळकं गवत, विजेच्या तारा. या कागदावरून तुमच्या मैदानाचा सर्वांत मोठा गोळा ठरतो आणि तो ठरला की यादी आपोआप आवरते. तीन इंच म्हणजे चिल्लर असं समजू नका. तीन इंची गोळा साधारण ३०० फुटांवर जाऊन फुटतो, आणि चारशे-पाचशे फुटांवर सतरंजी टाकून बसलेल्या कुटुंबाला मान वर करूनच तो बघावा लागतो. लहान गोळे जास्त संख्येने, नीट लयीत उडवले तर कार्यक्रम भरगच्च होतो.

आता कागदपत्रं. ही तीन वेगवेगळी असतात आणि सगळा घोळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो.

पहिला कागद केंद्राचा. मोठ्या आतषबाजीचा माल, म्हणजे १.३जी वर्गातला, कायद्याने स्फोटक धरला जातो. तो विकत घ्यायला आणि बाळगायला एटीएफ या केंद्रीय संस्थेचा परवाना लागतो. तो कंपनीकडे असतो. एटीएफ तुमच्या कार्यक्रमाला परवानगी देत नाही. ‘आमच्याकडे एटीएफ आहे, मग बाकी काही लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

दुसरा कागद माणसाचा. टेक्सास, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा राज्यांत प्रत्यक्ष आतषबाजी करणाऱ्या ऑपरेटरला राज्याच्या फायर मार्शलचा वैयक्तिक परवाना लागतो. कंपनी मोठी असली तरी त्या रात्री मैदानावर उभ्या असलेल्या माणसाच्या नावाचा परवाना हवा, आणि त्याची मुदत तुमच्या तारखेपर्यंत शिल्लक हवी. कोटेशनबरोबर आलेल्या परवान्यावर एकाचं नाव आणि कार्यक्रमाला येणार दुसराच, असंही होतं. तेव्हा येणाऱ्या ऑपरेटरचं नाव करारातच लिहून घ्या.

तिसरा कागद जागेचा. ही जागा, हा दिवस, ही वेळ, ही यादी, अशी परवानगी. टेक्सासमध्ये ती राज्याच्या फायर मार्शलच्या कार्यालयाकडून मिळते आणि अर्जावर स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्याची संमती लागते. इतर बहुतेक राज्यांत ती शहराकडून किंवा काउंटीकडून मिळते. अर्ज बहुधा कंपनीच भरते. मंडळाने द्यायचं ते जागेच्या मालकाचं संमतिपत्र. मैदान शाळेचं असेल तर मुख्याध्यापकांचा होकार पुरत नाही, स्कूल डिस्ट्रिक्टचं पत्र लागतं. हे पत्र सर्वांत उशिरा हातात येतं, त्यामुळे सुरुवात तिथून करा. सोबत मोजमापासह नकाशा, मालाची आकारवार यादी, विम्याचा दाखला आणि ऑपरेटर-मदतनिसांची नावं जातात.

विम्याचा दाखला नीट वाचा. त्यावर अतिरिक्त विमाधारक म्हणून मंडळ, जागेचा मालक आणि शहर अशी तिन्ही नावं हवीत. रक्कम किती हवी हे शहर सांगतं, ती दहा लाख डॉलरच्या खाली क्वचितच असते. पावसामुळे कार्यक्रम पुढे ढकलायची तारीख ठेवली असेल तर विमा आणि परवाना दोन्ही त्या तारखेलाही लागू असले पाहिजेत. हे बघायचं बरेचदा राहून जातं, आणि ऐन वेळी पुढची तारीख असूनही उपयोगाची नसते. तीन महिने आधी कामाला लागलात तर सगळं सुखाने होतं. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. तोवर घड्याळं मागे गेलेली असतील आणि अंधार लवकर पडेल. सात वाजताची वेळ मागितलीत तर मुलंही वेळेत घरी जातील आणि आवाजाच्या नियमाची अडचणही येणार नाही.

प्रश्न : आमचे सात-आठ स्वयंसेवक आतषबाजीला हातभार लावायला तयार आहेत, सगळे एच-१बी व्हिसावर. कंपनी म्हणते, मालाला हात लावायचा नाही. यात काही भेदभाव आहे का?
— एक वाचक, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : नाही. कंपनी कायदा पाळते आहे आणि तुमच्या मित्रांना वाचवते आहे.

२००२ च्या सेफ एक्स्प्लोझिव्ह्ज ॲक्टने स्फोटकं बाळगायला मनाई असलेल्यांची यादी वाढवली. थोडे अपवाद सोडले तर जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि कायम रहिवासीही नाही, तो त्या यादीत येतो. एच-१बी, एल-१, विद्यार्थी व्हिसा, पर्यटक व्हिसा, सगळे त्यात आले. ग्रीन कार्डवाले चालतात. बाळगणं म्हणजे खिशात ठेवणं नव्हे. गोळे ट्रकमधून उतरवणं, नळीत सोडणं, मालाच्या ढिगाची राखण करणं, हे सगळं त्यात धरलं जाऊ शकतं. हा केंद्रीय गुन्हा आहे आणि व्हिसावर असलेल्या माणसाच्या पुढच्या सगळ्या अर्जांवर त्याची सावली पडते. त्याच यादीत गांजा वापरणारेही आहेत, राज्यात तो कायदेशीर असला तरी. आणि २१ वर्षांखालच्या कुणाला हा माल विकता येत नाही.

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक स्वयंसेवक असला तरी तो आयत्या वेळी मालाला हात लावू शकत नाही. कंपनीने त्याचं नाव एटीएफकडे कर्मचारी म्हणून कळवून पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यायला हवी. म्हणून चांगली कंपनी आपली माणसं आणते आणि मंडळाला दोरीबाहेर ठेवते.

दोरीबाहेरचं कामही मोठं आहे आणि ते तुमच्या मित्रांनीच करावं. वर्तुळाच्या कडेला दर पन्नास-साठ फुटांवर एक माणूस उभा करा, प्रत्येकाच्या हातात विजेरी आणि अंगात उठून दिसणारं जाकीट. त्यातल्या एकाकडे ऑपरेटरशी थेट बोलायचा वॉकीटॉकी असू द्या. कुणी दोरी ओलांडली तर त्याने एकच शब्द बोलायचा : ‘थांबा’. एखादं पोर पतंगासारखं कोसळणारं कागदाचं टरफल झेलायला आत धावतं, हे दर वर्षी घडतं. ते रोखणारा माणूस आतषबाजीचाच भाग आहे.

प्रश्न : माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. धाकटा भाऊ दिवाळीला आमच्याकडे येतोय. दसऱ्याला कवठे एकंदला तो औट, म्हणजे शोभेच्या दारूचे गोळे, उडवतो, हात अगदी बसलेला आहे. इथल्या मंडळात तो एक झलक दाखवू शकेल का? आणि तिकडे त्याला कुठला परवाना लागतो का, हेही कळेल का?
— एक वाचक, इलिनॉय

उत्तर : इथे नाही. पर्यटक व्हिसावरचा माणूस वरच्या उत्तरातल्या मनाईच्या यादीत येतो, आणि इलिनॉयमध्ये आतषबाजीचा प्रमुख ऑपरेटर व्हायला राज्याच्या फायर मार्शलचा परवाना लागतो. त्याला मैदानावर जरूर आणा आणि ऑपरेटरशी ओळख करून द्या. दोघं नळीच्या जाडीवर आणि गोळ्याच्या सालीवर तासभर बोलतील. हाताने वळलेल्या गोळ्याची जाण इथे फार कमी जणांना असते.

तिकडच्या परवान्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण कवठे एकंदला सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढे दसऱ्याच्या रात्री होणारी शोभेच्या दारूची आतषबाजी हा आपल्या भागाचा ठेवा आहे, आणि तो टिकायचा असेल तर कागद आणि माणसं दोन्ही पक्की हवीत.

भारतात १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम लागू आहेत. शोभेची दारू त्यांत सातव्या वर्गात येते. तयार करायचा परवाना साठ्याप्रमाणे मिळतो : एका वेळी १५ किलोपर्यंत जिल्हाधिकारी, त्यापुढे ५०० किलोपर्यंत स्फोटक नियंत्रक, आणि त्याहून जास्त असेल तर नागपूरचे मुख्य स्फोटक नियंत्रक. या नियंत्रकांच्या केंद्रीय संस्थेचं नाव पेसो. १५ किलो ही एका वेळी हाताशी असलेल्या मालाची मर्यादा आहे, वर्षभराची नव्हे. सण जवळ आला की ओला मसाला, वाळत घातलेले गोळे आणि तयार माल एकाच खोलीत साठतात आणि ही मर्यादा तिथेच ओलांडली जाते. १८ वर्षांखालच्या मुलाला या कामावर ठेवता येत नाही, घरचा असला तरी.

मसाल्याचेही नियम आहेत. गंधक आणि क्लोरेट एकत्र करायला १९९२ पासून बंदी आहे. हे मिश्रण घासण्याने, किंवा गंधकात आम्लाचा अंश असला तर नुसतं पडून राहूनही पेटू शकतं. जुन्या हातांना ते सोपं आणि जोरकस वाटतं, म्हणूनच सांगायला हवं. बेरियमच्या क्षारांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली आणि २०२१ मध्ये ती पुन्हा बजावली. गोळ्यातला हिरवा रंग परंपरेने बेरियमचा, तेव्हा तुमच्या भावाला हे थेट लागू आहे. आवाजाचे फटाके रात्री १० ते सकाळी ६ या वेळात चालत नाहीत, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर कधीच नाहीत.

तयार करायचा परवाना वेगळा आणि लोकांसमोर उडवायची परवानगी वेगळी. दुसरीसाठी यात्रा समितीने जिल्हा प्रशासनाकडे जायचं असतं. पोलीस आणि अग्निशमन दलाचं म्हणणं तिथेच घेतलं जातं. कोल्लम जिल्ह्यातल्या पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे शंभरावर माणसं गेली. जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती, तरी आतषबाजी झाली, आणि ठिणगी पडली ती जवळच ठेवलेल्या मालाच्या कोठारावर. ऑक्टोबर २०२४ च्या अधिसूचनेने कोठार आणि आतषबाजीची जागा यांच्यात २०० मीटर अंतर मागितलं. त्रिशूरच्या पूरमचं तेक्किनकाड मैदान त्या मापात बसेना, म्हणून केरळात मोठा वाद झाला. अट जाचक वाटते हे खरं, पण मारणारा साठा असतो. तुमच्या गावी एवढी जागा नसेल तरी एक गोष्ट आजच करता येईल : त्या रात्री लागणारा मालच पटांगणाजवळ आणायचा, तोही थोडा थोडा, झाकून, आणि उडवणाऱ्यांच्या पाठीमागे नव्हे तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला दूर.

प्रश्न : न्यू जर्सीत आम्ही राहतो. सीमेपलीकडच्या पेनसिल्व्हेनियातल्या दुकानातून फटाके आणून मंडळाच्या पिकनिकला आम्हीच उडवले तर? दुकानात सर्रास मिळतात.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : नको. दुकानात मिळतो तो १.४जी वर्गातला घरगुती माल. त्याला एटीएफचा परवाना लागत नाही आणि व्हिसाची अडचणही येत नाही, हे खरं. पण न्यू जर्सीने २०१७ मध्ये फुलबाज्या आणि जमिनीवरचे काही प्रकार मोकळे केले, आकाशात जाणारे केले नाहीत. ते बाळगणंही तिथे बेकायदा आहे. शिवाय लोकांना बोलावून उडवले की तो सार्वजनिक कार्यक्रम होतो आणि शहराची परवानगी लागते, माल दुकानातला असला तरी. पिकनिकला फुलबाज्या ठेवा. त्याही अंगणातच, वाळूच्या बादलीसह. विझलेली काडीही हाताला चटका देण्याइतकी तापलेली असते.

प्रश्न : स्नेहसंमेलनात हॉलमध्ये स्टेजवर ‘कोल्ड पायरो’ (ठिणग्यांची कारंजी उडवणारी यंत्रं) लावायचा विचार आहे. लग्नांत सर्वत्र दिसतात आणि थंड असतात म्हणे. याला परवाना लागतो?
— कार्यक्रम समिती, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : बहुतेक ठिकाणी लागतो, आणि ‘थंड’ या शब्दावर विसंबू नका.

स्टेजवरची आतषबाजी एनएफपीए ११२६ या वेगळ्या संहितेखाली येते. कारंज्यासारख्या नळीला प्रेक्षकांपासून निदान १५ फूट, किंवा ठिणग्या जेवढ्या दूर पडतात त्याच्या दुप्पट, यांतलं जे जास्त ते अंतर लागतं. विजेवरच्या यंत्रात दारू नसते. बारीक धातूचे कण गरम होऊन उडतात. ठिणगी हवेत लवकर विझते म्हणून हाताला फारशी लागत नाही, पण यंत्राचं तोंड तापतं, आणि कण कापडाच्या घडीत किंवा थर्माकोलच्या मखरात पडले तर आग लागू शकते. बरेच फायर मार्शल या यंत्रांनाही परवाना आणि समोर चाचणी मागतात.

२० फेब्रुवारी २००३ ला शेजारच्याच ऱ्होड आयलंडमध्ये, वेस्ट वॉर्विकच्या ‘स्टेशन’ नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला. परवाना नव्हता. १०० माणसं गेली, बरीचशी मुख्य दरवाज्याशी झालेल्या चेंगराचेंगरीत. तुमच्या हॉलच्या मागच्या भिंतीला काय लावलंय ते आधी हात लावून बघा : पडदा, फोम, कागदी कंदील, झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा. यातलं काहीही असेल तर यंत्र रद्द करा आणि तो पैसा प्रकाशयोजनेला द्या.

प्रश्न : मी अमेरिकन नागरिक आहे, वय २४. आतषबाजीचा परवानाधारक ऑपरेटर व्हायचं आहे. कुठून सुरुवात करू? आणि कार्यक्रमाच्या दिवशी खरोखर चुकतं काय, हेही सांगा.
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : पुस्तकाने सुरुवात करू नका, ट्रकने करा. जुलैची चार तारीख हा या धंद्याचा सुगीचा दिवस. त्या आठवड्यात प्रत्येक कंपनीला माणसं कमी पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळच्या कंपनीला विचारा. ती तुमचं नाव एटीएफकडे कर्मचारी म्हणून कळवेल. तो फॉर्म ५४००.२८. या कागदांना वेळ लागतो, म्हणून जूनमध्ये फोन केलात तर ते वर्ष गेलंच. मदतनिसाला वय १८ चालतं, ऑपरेटरला २१ लागतं.

टेक्सासमध्ये ऑपरेटरच्या परवान्यासाठी परवानाधारकाच्या हाताखाली राज्यातल्या निदान पाच आतषबाज्यांत काम केलेलं असावं लागतं, मग लेखी परीक्षा. दर कार्यक्रमानंतर तिथल्या तिथे वहीत नोंदवा : तारीख, ठिकाण, परवाना क्रमांक, ऑपरेटरचं नाव, त्याची सही. दोन वर्षांनी सह्या गोळा करायला निघालात तर त्यांतले काही दुसऱ्या राज्यात गेलेले असतात. परीक्षेत राज्याचा कायदा आणि एनएफपीए ११२३ येतात. अंतरांचं कोष्टक पाठ करून जा. पायरोटेक्निक्स गिल्ड इंटरनॅशनलचा ऑपरेटरसाठीचा अभ्यासक्रमही करण्याजोगा आहे, पण त्याचं प्रमाणपत्र राज्याच्या परवान्याची जागा घेत नाही.

पुढे दोन फाटे आहेत. ट्रक चालवायचा असेल तर वेगळा परवाना लागतो. १.३जी माल कितीही थोडा असला तरी गाडीवर स्फोटकाची पाटी लावावी लागते, आणि पाटी आली की व्यावसायिक लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद लागते. स्वतः माल विकत घ्यायचा असेल तर एटीएफचा वापरकर्त्याचा परवाना काढा : तीन वर्षांचा, शुल्क १०० डॉलर. मर्यादित परवानाही आहे, वर्षाला २५ डॉलर, पण त्यात आपल्याच राज्यात सहा वेळाच खरेदी करता येते. साठवायला नियमात बसणारं कोठार कुठे आहे, हे दोन्हींसाठी विचारतात. पहिली पाच-सहा वर्षं कंपनीखाली काम करावं, हे आमचं स्पष्ट मत.

आता चुकतं काय. सर्वांत जास्त चुका दुपारी होतात, रात्री त्या दिसतात.

नळ्यांचे रॅक भुसभुशीत जमिनीवर ठेवले की पहिल्या दहा गोळ्यांच्या धक्क्याने ते कलतात. ४ जुलै २०१३ ला कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीत एक गोळा नळीतच फुटला, त्याने शेजारचे रॅक पाडले आणि पुढचे गोळे आडवे लोकांत गेले. कित्येक जण जखमी झाले. म्हणून प्रत्येक रॅक हाताने हलवून बघायचा. जरा हलला तरी खुंट्या ठोकून, आडव्या फळ्या मारून बांधायचा. रॅकची लांब बाजू प्रेक्षकांकडे ठेवायची नाही, कारण रॅक पडतो तो त्या अंगाला.

गोळा नळीत सोडताना तो अलगद, स्वतःच्या वजनाने तळाशी गेला पाहिजे. अडला तर दाबायचा नाही. बाहेर काढून नळी बघायची : मागच्या कार्यक्रमाचा कागद, पावसाचं पाणी, आत आलेला फुगवटा. आणि नळीच्या तोंडावर डोकं न्यायचं नाही, कधीच. वाकून बघायचा मोह प्रत्येक नवख्याला होतो.

विजेवर उडवत असाल तर तारांची सलगता तपासताना सगळ्यांना वर्तुळाबाहेर काढा. संगणकाच्या प्रोग्रॅमवर आंधळेपणाने भरवसा नको. ४ जुलै २०१२ ला सॅन डिएगोच्या खाडीत मुख्य आणि राखीव फायलींच्या गोंधळाने १८ मिनिटांचा कार्यक्रम सुमारे १५ सेकंदांत उडून गेला. माणसं दूर होती आणि अंतरं पाळलेली होती, म्हणून कुणालाही इजा झाली नाही. असा गोंधळ तुमच्या हातून झाला तरी लोक घरी सुखरूप जावेत, अशी मांडणी हवी.

वाऱ्याची मर्यादा परवान्याच्या अटीत बहुधा लिहिलेली असते. ती कागदावरच वाचा, अंदाजाने ठरवू नका. दिवाळीच्या सुमारास टेक्सास-कॅलिफोर्नियात गवत वाळलेलं असतं आणि उघड्यावर काही जाळायला काउंटीची बंदी लागू असू शकते. तसं असेल तर परवाना हातात असूनही कार्यक्रम होत नाही. सकाळी एक फोन करून विचारा.

शेवटचा गोळा फुटला की लोक टाळ्या वाजवत पुढे सरकतात. तेव्हाच दोरीवरची माणसं सर्वांत घट्ट हवीत. न उडालेल्या गोळ्याला निदान पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. नळीत राहिलेला असेल तर आधी बॅटरी बाजूला करायची, त्यानंतरच तारा सोडवायच्या. मग दोघांनी विजेऱ्या घेऊन वर्तुळ पायी फिरायचं, सापडलेला प्रत्येक गोळा ऑपरेटरनेच उचलायचा. रात्री गवतात काळा गोळा दिसत नाही, म्हणून उजाडताच पुन्हा एक फेरी. शाळेचं मैदान असेल तर ही फेरी मुलं खेळायला यायच्या आत पुरी झाली पाहिजे. तेव्हा मंडळाने मैदानाचं भाडं ठरवताना दुसऱ्या दिवशीची सकाळही मागून घ्यावी.